हजेरीपटावरील गाणे

सन १९१७ मध्ये ग्वाल्हेर दरबारचे काही गवई महाराज माधवराव शिंदे यांच्या हुकुमाने मुंबईस येऊन राहिले, ते मैफलीसाठी नव्हे, तर शिकण्यासाठी. त्यांत राजाभैया पूछवाले होते. वय पस्तिशीचे, गळ्यावर शंकरराव पंडितांच्या तालमीचा संस्कार, आणि ग्वाल्हेरसारख्या ख्यालाच्या माहेरघरात गवई म्हणून मिळविलेला मान, एवढे गाठीशी असलेला हा मनुष्य मुंबईत पुन्हा एकवार पाटीपेन्सिल हाती घेऊन बसला. आणि बसला तोही कोणा खाँसाहेबांपुढे नव्हे, तर वकिलीचा नाद सोडून संगीताच्या पोथ्या आणि गवयांची बाडे धुंडाळीत हिंदुस्थानभर फिरलेल्या विष्णु नारायण भातखंडे या बी. ए., एल्एल्. बी. गृहस्थांपुढे. जी चीज आजवर केवळ कानाने घेतली आणि गळ्याने दिली, ती कागदाच्या चौकटीत मात्रेमात्रेने कशी बसवावयाची, आणि त्या चौकटीतून पुन्हा वीसपंचवीस मुलांच्या गळ्यांत एकाच तासात कशी उतरवावयाची, हा त्या शिक्षणाचा विषय होता. परतल्यावर पुढच्याच वर्षी, १९१८ साली, ग्वाल्हेरीस माधव संगीत विद्यालय उघडले, राजाभैया तेथे शिकवू लागले आणि यथाकाल त्याचे प्राचार्य झाले.

विद्यापीठात संगीत शिकविणारा जो प्राध्यापक आज आपल्या परिचयाचा आहे, ज्याला वेतनश्रेणी आहे, रजेचे नियम आहेत आणि निवृत्तिवेतन आहे, त्याच्या पेशाची कुळकथा मला या मुंबईच्या मुक्कामापाशी स्पष्ट दिसू लागते. दरबारी गवई हाही पगारीच असे, हे विसरता कामा नये. त्यालाही नेमणूक होती, तनखा होता, प्रसंगी इनाम मिळे आणि प्रसंगी धन्याची गैरमर्जीही वाट्याला येई. परंतु तो पगार गाण्याबद्दल होता. शिकविणे हा त्याचा खासगी कारभार होता. कोणाला किती द्यावयाचे, कोणापासून काय लपवावयाचे आणि कोणाला बारा वर्षे तंबोऱ्यावर नुसता षड्ज लावावयास बसवावयाचे, याचा जाब त्याला कोणी विचारीत नसे. शिकविण्याबद्दल पगार, आणि तोही अमुक तास, अमुक मुले, अमुक राग या हिशेबाने, ही कल्पना मूळची दरबाराची नव्हे, ती शाळाखात्याची. संगीत या खात्यात कसे शिरले आणि शिरल्यावर त्याचे काय झाले, हा ह्या लेखाचा विषय आहे.

त्याचा पहिला मान, आमच्या बहुतेक मराठी लेखकांनी तो संकोचून दिला असला तरी, मौलाबक्ष यांचा आहे. १८३३ साली जन्मलेले हे गायक-वीणावादक उत्तरेचे. परंतु म्हैसूरपर्यंत भ्रमंती करून, कर्नाटक पद्धतीचे ज्ञान मिळवून, ते बडोद्यास स्थिरावले. दक्षिणेत संगीताचे शास्त्र आणि प्रयोग ही दोन्ही शिस्तीने शिकविली जातात आणि उत्तरेकडचा गवई मात्र स्वतःच्या रागाचे नाव विचारले तरी रागावतो, हा भेद त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली त्यांनी बडोद्यास गायनशाळा काढली. स्वतःची स्वरलेखनपद्धती बसविली, मराठीत व गुजरातीत क्रमिक पुस्तके सिद्ध केली, आणि राज्यातील इतर गावीही शाखा निघाल्या. त्या वेळी बडोद्यात कलावंत कारखाना नावाचे एक सरकारी खाते होतेच. गवई, नर्तकी, सनईवाले, पहिलवान यांसारख्या मंडळींची व्यवस्था लावणारे हे दरबारी खाते. हत्ती-घोड्यांच्या पागेसारखाच त्याचा कारभार दफ्तरी नोंदींनी चाले. गायनशाळा मात्र त्या दफ्तराच्या पलीकडची गोष्ट होती. तेथे येणारा मुलगा गवयाचा असावा लागत नसे. एका राज्याने एका कलेचे वारसाहक्क रद्द करून तिला सार्वजनिक शिक्षणाचा विषय ठरविले, हे सयाजीरावांच्या इतर अनेक सुधारणांइतकेच धाडसाचे कृत्य होते, आणि ते एका मुसलमान गवयाच्या हातून घडले, हे लक्षात ठेवले पाहिजे. कारण पुढची सारी कथा ब्राह्मण सुशिक्षितांनी अडाणी उस्तादांच्या तावडीतून संगीत सोडविले अशा थाटात सांगण्याची आपल्याकडे खोड आहे. मौलाबक्ष १८९६ साली वारले. त्यांचे दौहित्र इनायत खाँ हे १९१० मध्ये पश्चिमेकडे गेले आणि तेथे सूफी उपदेशक म्हणून विख्यात झाले. १९४९ मध्ये बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा ती जुनी गायनशाळा, महाविद्यालयाच्या रूपाने, त्याचे एक अंग झाली.

मौलाबक्षांची शाळा राजाश्रयावर उभी होती. विष्णु दिगंबर पलुसकरांनी तो टेकूच नाकारला. कुरुंदवाडचा हा मुलगा, फटाक्याच्या अपघाताने दृष्टी अधू झालेली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी तालीम पुरी करून १८९६ मध्ये बाहेर पडला, आणि ५ मे १९०१ रोजी, महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडून बसला. या संस्थेत जो उपदेशक वर्ग होता त्याचा विचार आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष अगत्याचा आहे. या वर्गातील मुलांकडून नऊ वर्षांचा करार लिहून घेत. त्या बदल्यात राहणे, जेवण आणि शिक्षण संस्थेच्या शिरावर. नावच पाहा: गायक वर्ग नव्हे, कलावंत वर्ग नव्हे, तर उपदेशक वर्ग. आर्यसमाजी पंजाबात आणि मिशनऱ्यांच्या शेजारात हे नाव सुचले असेल तर त्यात नवल नाही. पहाटेची प्रार्थना, ठराविक पोशाख, व्यसनांना बंदी, स्वतःचा छापखाना, वाद्ये दुरुस्त करण्याचा कारखाना, या सर्वांतून पलुसकरांना एक नवा मनुष्य घडवावयाचा होता, की जो कोणत्याही गावी उतरला तरी घरंदाज गृहस्थ आपल्या मुलीला त्याच्यापुढे बसवील. गवई आणि दारू, गवई आणि कोठी या जोड्या समाजाच्या मनात इतक्या घट्ट बसल्या होत्या, की त्या फोडण्यास गळ्यापेक्षा चारित्र्याचीच भिंत अधिक उपयोगी पडेल असा त्यांचा हिशेब होता, आणि तो हिशेब बरोबर ठरला. या वर्गातून निघालेल्या ओंकारनाथ ठाकुरांना १९१६ मध्ये, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्य नेमले.

पैशाचा हिशेब मात्र चुकला. १९०८ मध्ये संस्था मुंबईस आली. मोठी इमारत बांधली. दौरे, जलसे, देणग्या यांनी कर्ज फिटेना. आणि १९२४ मध्ये त्या इमारतीचा लिलाव झाला. पलुसकर १९३१ मध्ये मिरजेस वारले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले, आणि पुढच्या वर्षी विनायकराव पटवर्धनांनी गंधर्व नाटक मंडळीतील दहा वर्षांची रंगभूमी सोडून पुण्यास विद्यालय काढले. प्रारंभिकपासून विशारद-अलंकारपर्यंतची परीक्षांची जी शिडी आज गावोगावच्या मुली चढतात, ती या मंडळाची.

आता पुन्हा भातखंड्यांकडे. त्यांचा स्वभाव पलुसकरांच्या अगदी उलट. त्यांना शिष्यांची फौज नको होती, त्यांना सिद्धान्त हवा होता. १८८५ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेला हा मनुष्य दक्षिणेत व उत्तरेत हिंडला, व्यंकटमखीचे बहात्तर मेळ पाहून आला, आणि हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत वाटणी करून मोकळा झाला. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा त्यांचा चार भागांचा ग्रंथ त्यांनी गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने मराठीत लिहिला. त्यातील गुरू फार बोलतो आणि शिष्य फार शहाणे प्रश्न विचारतो, ही गोष्ट सोडली तर तो ग्रंथ अजूनही रसाळ वाटतो. उस्तादांबद्दल त्यांनी ठिकठिकाणी जी तुच्छता दाखविली ती वाचताना मात्र मन खट्टू होते. कारण ज्या शेकडो चिजा त्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापल्या, त्या त्यांना त्याच उस्तादांच्या घरांतून मिळाल्या होत्या. १९१६ च्या मार्चमध्ये बडोद्यास भरलेली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद त्यांच्याच प्रेरणेची. आणि परिषदांच्या या मालिकेचे प्रत्यक्ष फळ म्हणजे १९२६ मध्ये लखनौस निघालेले मॅरिस कॉलेज, ज्याला प्रांताच्या तत्कालीन गव्हर्नराचे नाव दिले होते आणि जे पुढे भातखंड्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

दोन्ही विष्णूंनी आपापल्या स्वरलिपी निर्माण केल्या, आणि त्यांतील विसंवादाने संगीतशिक्षकाच्या डोक्याला जो ताप झाला आहे त्याचे वर्णन केल्यावाचून राहवत नाही. भातखंड्यांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिले की तो तारसप्तकातला. पलुसकरांच्या लिपीत तेच टिंब त्याच जागी दिले की तो मंद्रातला. भातखंड्यांची सम गुणिलेच्या फुलीने दाखवितात आणि पलुसकरांची एकच्या आकड्याने, आणि पलुसकरांनी अधिकचे चिन्ह खालीसाठी राखून ठेवलेले. तेव्हा किंचित तिरक्या हाताने काढलेली फुली एका पाठशाळेत सम होते आणि दुसरीत खाली. एका पद्धतीत वाढलेला शिक्षक दुसऱ्या पद्धतीच्या संस्थेत नोकरीस लागला की त्याचे पहिले काही महिने डोळ्यांची सवय मोडण्यातच जात असले पाहिजेत. गाणे मात्र दोन्हीकडे तेच.

मॅरिस कॉलेजचे प्राचार्यपद १९२८ मध्ये श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांकडे आले. विद्यापीठीय संगीतशिक्षकाचे पूर्ण आयुष्य ज्याला म्हणता येईल असे, माझ्या मते, हे पहिले आयुष्य. लहानपणापासून भातखंड्यांच्या नजरेखाली वाढलेला, बडोद्यास फैयाज खाँसाहेबांकडे गंडा बांधून आग्र्याची तालीम घेतलेला, आणि त्याबरोबरच मुंबई विद्यापीठाचा पदवीधर, असा दुहेरी अधिकार त्यापूर्वी कोणाजवळच नव्हता. ऐन उमेदीत, ज्या वयात गवयाने मैफली मारावयाच्या त्या वयात, ते लखनौस गेले आणि सुमारे तीन दशके तेथे त्यांनी शिकविले. वर्गामागून वर्ग, दरवर्षी नवी मुले, नव्यांना पुन्हा तोच यमन, तोच भूप. एखादा राग अंगी मुरवावयास गवयाला एकांत लागतो, आणि शिक्षकाच्या नशिबी तर तो राग दिवसातून चार वेळा, चार निरनिराळ्या बेसूर गळ्यांच्या संगतीत आळवणे येते. मैफलीचा गवई म्हणून रातंजनकरांचे जे नाव व्हावयाचे ते झाले नाही, अशी खंत त्यांच्या शिष्यांनी वारंवार बोलून दाखविली आहे. ‘सुजान’ या मुद्रेने त्यांनी शेकडो बंदिशी रचल्या, ‘अभिनव गीतमंजरी’चे भाग छापले, सालगवराळीसारखे राग प्रचारात आणले, आणि पुढे या सर्वांपेक्षा ज्याची चर्चा अधिक झाली ते काम, म्हणजे आकाशवाणीच्या कलावंतांची श्रवणचाचणी घेण्याचे, त्यांच्या गळ्यात पडले. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झाले. त्यांच्या अमदानीत मैफली गाजविलेल्या गवयांना समितीपुढे बसून रागाची लक्षणे सांगण्याची पाळी आली, तेव्हा मोठा गहजब झाला, बहिष्कार पडले, आणि समितीचे अग्रणी म्हणून रातंजनकरांवर सारा रोष ओढवला. गवयाची परीक्षा प्राध्यापकाने घ्यावी की नाही, हा वाद तेव्हा पहिल्यांदा चव्हाट्यावर आला.

परंतु रातंजनकरांच्या घरी काय चालले होते ते पाहिले पाहिजे. बैलहोंगलचा एक अकरा वर्षांचा मुलगा १९३६ साली लखनौस आला आणि गुरूच्या घरीच घरच्यासारखा राहिला. हेच पुढचे पंडित कृ. गुं. गिंडे. चिदानंद नगरकर, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी यांचेही शिक्षण याच छत्राखाली झाले. या मंडळींनी जे मिळविले ते वेळापत्रकाच्या चौकटीत मावणारे नव्हते. गुरूने पहाटे सहज गुणगुणलेले कानावर पडणे, कॉलेजातून परतताना वाटेत एखाद्या चिजेचा अंतरा सुटा होणे, रात्री जेवणे आटोपल्यावर पुन्हा तंबोरे लागणे, याची नोंद कोणत्याच हजेरीपटावर होत नाही आणि त्याबद्दल कोणतेही खाते दरमहा काही देत नाही. भातखंड्यांनी जी घराणेदार गुप्तता मोडावयास आयुष्य वेचले, तिच्यातला गुरुगृहवास तेवढा त्यांच्या पट्टशिष्याने आपल्या बंगल्यात पुन्हा सुरू केला. मला यात विसंगती दिसत नाही. पोटापाण्याची नोकरी आणि मनाची तालीम ही दोन कामे एकाच मनुष्याने एकाच दिवसात उरकली एवढाच त्याचा अर्थ. मुंबईत प्रा. बा. र. देवधरांच्या शाळेत तेच. १९२५ पासून ऑपेरा हाउसच्या परिसरात चाललेली ही शाळा कागदोपत्री वर्गांची आणि परीक्षांचीच. परंतु १९३६ च्या सुमारास तेथे आलेल्या शिवपुत्र कोमकळी नावाच्या मुलाला, म्हणजे कुमार गंधर्वांना, देवधरांनी कोणत्या इयत्तेत बसविले असे कोणी विचारीत नाही.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांची दारे उघडली. १९५० मध्ये काशी हिंदू विद्यापीठात संगीत महाविद्यालय निघाले आणि पलुसकरांचे ते एकोणीस वर्षांचे प्राचार्य, ओंकारनाथ, आता पन्नाशी ओलांडून त्याचे पहिले प्राचार्य झाले. लखनौ थाटांची, तर काशी थाटांना न मानणारी. ओंकारनाथांनी भरताच्या मूर्च्छनांचा आधार घेऊन ‘प्रणवभारती’ आणि ‘संगीतांजली’ लिहिली आणि भातखंड्यांच्या वर्गीकरणावर कठोर टीका केली. लखनौ आणि काशी यांमधील अंतर रेल्वेने एका रात्रीचे, पण प्रश्नपत्रिकेत ते अंतर फार मोठे झाले. पुढे देवधरही तेथे प्राचार्य म्हणून गेले. संस्कृत आणि संगीत या दोन्हींत पारंगत असलेल्या प्रेमलता शर्मा ओंकारनाथांच्या शिष्या. संगीतशास्त्राचा स्वतंत्र विभाग त्यांनी काशीस उभा केला, आणि तेव्हापासून गात नसलेला, किंवा निदान गाण्यासाठी नेमलेला नसलेला, संगीताचा प्राध्यापक ही एक नवी जात जन्मास आली. १९५६ मध्ये खैरागढच्या राजाराणींनी आपल्या दिवंगत कन्येच्या नावे राजवाडाच देऊन टाकला आणि तेथे केवळ कलांसाठी विद्यापीठ निघाले. त्याचे कुलगुरूपद रातंजनकरांनीही भूषविले. शांतिनिकेतनात भीमरावशास्त्री त्याआधीच शिकवून गेले होते, दिल्ली विद्यापीठात सुमती मुटाटकर होत्या. उत्तरेकडील विद्यापीठांतून संगीताचे अध्यापन ज्यांनी रुळविले त्यांत मराठी माणसे इतकी, की हा जणू कारकुनी आणि मास्तरकी यांबरोबरच बाहेर पाठविण्याचा आमचा तिसरा माल असावा.

आणि खुद्द मुंबई? १८५७ मध्ये स्थापन झालेल्या आणि भातखंड्यांना पदवी दिलेल्या विद्यापीठाने संगीताचे केंद्र उघडावयास शंभरांहून अधिक वर्षे घेतली. तेथे अशोक दा. रानडे संचालक झाले. वाङ्मयाचा अभ्यासक, गजाननराव जोशींसारख्या गुरूची तालीम घेतलेला गायक आणि बोलण्यात धारदार असा हा मनुष्य. त्यांनी आदिम, लोक, धार्मिक, कला, जन आणि संगम अशा संगीताच्या कोटी पाडून रागसंगीत म्हणजेच संगीत या आमच्या मध्यमवर्गीय समजुतीला पहिला धक्का दिला, आणि आवाज कसा तयार करावा याचे शास्त्रशुद्ध शिक्षण सुरू केले. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात १९७९ पासून प्रभा अत्रे संगीत विभागाच्या प्रमुख होत्या. विज्ञान आणि कायदा या दोन्हींच्या पदवीधर, सरगमावर प्रबंध लिहिलेल्या, आणि त्याच वेळी देशोदेशी मैफली गाजविणाऱ्या. रातंजनकरांना जे साधले नाही ते त्यांना साधले, याचे एक कारण काळ बदलला हे, आणि दुसरे, असे मला वाटते, की विद्यापीठाचा वर्ग हा मैफलीचा पर्याय आहे असे त्यांनी कधी मानलेच नाही. पलुसकरांनी चारित्र्याची भिंत बांधली ती घरंदाज मुलींना गाणे शिकता यावे म्हणून. त्या मुली विद्यापीठात विभागप्रमुखाच्या खुर्चीवर बसतील असे त्यांच्या मनात असेल असे वाटत नाही.

या साऱ्या वैभवात तबल्याच्या संगतकाराचा उल्लेख कोणी करीत नाही. प्राध्यापकाच्या प्रत्येक तासाला तो हजर लागतो, विलंबित एकतालाचा ठेका घटका घटका लावून धरतो, मुलीची सम चुकली तर डोळ्यांनी खुणावून सावरतो, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत तर बहिःस्थ परीक्षकापेक्षा उमेदवाराला त्याचाच आधार असतो. परंतु पुष्कळ ठिकाणी त्याची जागा अध्यापकांच्या यादीत धरलेली नसते. दरबारात गवयापेक्षा तबलजी खाली बसे. विद्यापीठाने गवयाला प्राध्यापक केले, बैठक मात्र तशीच ठेविली.

नेमणुकीचे नियम काळानुसार बदलत आले आहेत. पदवी, पदव्युत्तर पदवी, पात्रता परीक्षा, प्रबंध, प्रसिद्ध झालेले शोधनिबंध, यांची मोजदाद आता रसायनशास्त्राच्या अध्यापकाप्रमाणेच संगीताच्याही अध्यापकाला द्यावी लागते. गवयांसाठी मात्र एक खिडकी उघडी ठेवलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार पारंपरिक वा व्यावसायिक कलावंतालाही सहायक प्राध्यापक होता येते. मात्र त्याने नामवंत गुरूकडे शिक्षण घेतलेले असावे, तो आकाशवाणीचा किंवा दूरदर्शनचा ‘अ’ श्रेणीचा कलावंत असावा, म्हणजे ज्या चाचणीपायी रातंजनकरांनी शिव्याशाप खाल्ले तीच त्याने उतरलेली असावी, आणि विषय समजावून सांगण्याची त्याला शक्ती असावी. यांपैकी प्रत्येक अट मौलाबक्षांनी, आकाशवाणी तेवढी वगळून, सहज पुरी केली असती. परंतु त्या कलमाच्या आरंभीच आणखी एक अट आहे, ती कोणत्या तरी विद्यापीठाच्या स्नातक पदवीची. आणि तिच्यापुढे बडोद्याच्या गायनशाळेच्या संस्थापकाचा अर्ज कारकुनाच्या मेजावरूनच परत आला असता.